विश्लेषण : व्हिएतनामी चित्रकार ले फो यांच्या चित्रांतली आई इतकी शांत का?

लांब मान, खाली झुकलेली नजर, निमुळती बोटे आणि त्या बोटांच्या आधाराने मांडीवर विसावलेले मूल. मागे एखादी फांदी किंवा चार फुले, बाकी जागा मोकळी. ले फो या व्हिएतनामी चित्रकाराची आई-मुलाची चित्रे गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर, भेटकार्डांवर आणि लिलावांच्या बातम्यांत वारंवार दिसू लागली आहेत. पाहताक्षणी ती फक्त ‘गोड’ वाटतात. पण ही चित्रे रंगवली जात असताना व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला, दोन मोठी युद्धे झाली, देशाची फाळणी झाली. खुद्द चित्रकाराची आई तो जेमतेम तीन वर्षांचा असताना गेली होती. मग चित्रातली ही शांतता आली कुठून? ती खरी की ग्राहकांसाठी सजवलेली? याविषयी…

ले फो कोण होते?

ले फो यांचा जन्म १९०७ मध्ये हनोईजवळच्या हा दोंग इथे झाला. वडील ले होआन हे फ्रेंच अमलाखालील उत्तर व्हिएतनाममधले, म्हणजे तेव्हाच्या तोंकिनमधले, बडे दरबारी अधिकारी. घर श्रीमंत, नोकरचाकरांचे. मात्र ले फो तीन वर्षांचे असताना आई आणि आठ वर्षांचे असताना वडील वारले.

१९२५ ते १९३० या काळात ते हनोईच्या नव्या कला महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत शिकले. १९३१ मध्ये पॅरिसला भरलेल्या वसाहतींच्या भव्य प्रदर्शनासाठी ते आपल्या प्राचार्यांचे सहायक म्हणून फ्रान्सला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या नामांकित कलासंस्थेत दाखल झाले. अमृता शेरगिल तेव्हा त्याच संस्थेत शिकत होत्या. शेरगिल १९३४ च्या अखेरीस भारतात परतल्या. ले फो १९३३ मध्ये हनोईला परतून शिकवू लागले खरे, पण १९३७ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील इंडोचायना दालनाची जबाबदारी घेऊन ते पुन्हा गेले आणि तिथेच राहिले. तेव्हा त्यांचे वय तीस होते. २००१ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या देशातली आई त्यांनी आयुष्यभर रंगवली, त्या देशाबाहेर ते ६४ वर्षे राहिले.

हनोईच्या कला महाविद्यालयात असे काय घडले?

व्हिएतनामी आधुनिक चित्रकलेची सुरुवात बहुतेक अभ्यासक याच संस्थेपासून मोजतात. फ्रेंच चित्रकार व्हिक्तोर तार्दियू यांनी नाम सन या व्हिएतनामी चित्रकाराच्या साथीने ती उभी केली. स्थापनेचा हुकूम १९२४ चा, प्रत्यक्ष वर्ग १९२५ पासून. विद्यार्थी युरोपीय पद्धतीने शरीररचना, यथार्थदर्शन आणि तैलरंग शिकत. त्याच वेळी लाख आणि रेशीम या स्थानिक माध्यमांकडेही त्यांना वळवले जाई.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. तिथेही १९२० च्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन या ब्रिटिश प्रमुखाच्या काळात पाश्चात्त्य अभ्यासाला भारतीय वळण देण्याचे प्रयोग झाले. दोन्हीकडे पेच सारखाच होता : परक्या सत्तेने सुरू केलेल्या शाळेत स्वतःची चित्रभाषा कशी सापडायची? हनोईच्या विद्यार्थ्यांना त्याचे एक उत्तर रेशमात मिळाले. पहिल्या तुकडीतल्या न्गुयेन फान चान्ह यांची खेळणाऱ्या मुलींची आणि खेड्यातल्या बायकांची रेशमी चित्रे १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गाजली आणि रेशीम ही व्हिएतनामी चित्रकलेची ओळख बनली.

रेशमावर चित्र काढायचे म्हणजे नेमके काय?

चौकटीवर बारीक विणीचे रेशीम ताणून बसवतात. रंग पसरू नये म्हणून त्यावर सरसाचा पातळ हात देतात. मग शाई आणि पाण्यात कालवलेला रंग अगदी विरळ थरांत लावला जातो. एक थर वाळला की कापड पाण्याने हलकेच धुतात. वर साचलेला जादा रंग निघून जातो आणि उरलेला धाग्यात मुरतो. त्यावर पुढचा थर. असे अनेकदा. शेवटी रेशीम मागून कागदावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवतात.

या पद्धतीचे दोन परिणाम होतात. पहिला : चूक झाकता येत नाही. तैलरंगात बिघडलेल्या जागी वरून रंग चढवता येतो. रेशमात मुरलेली रेषा तिथेच राहते. त्यामुळे आधी कागदावर पक्के रेखाटन लागते. दुसरा परिणाम प्रकाशाचा. रेशमाच्या तंतूचा छेद गोलाकार कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो, म्हणून तो प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परावर्तित करतो. विरळ रंगाच्या आत ही चमक राहते आणि चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो. ले फो यांनी याला अपारदर्शक जलरंगाची जोड दिली. चित्रकलेच्या तासाला वापरलेल्या पोस्टर रंगाच्या जवळचा हा प्रकार. त्वचा आणि पार्श्वभूमी विरळ, तर ओढणी, फुले, कपड्याची किनार थोडी दाट. त्यांच्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या चित्रांतला मंदपणा बराचसा या तंत्रातून येतो.

चित्रातली आई आली कुठून?

तिची वंशावळ तीन ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण व्हिएतनामी मंदिर. करुणेची देवता क्वान अम तिथे अनेकदा मूल हाती घेतलेली दिसते. तिच्या एका रूपामागे थी किन्ह हिची कथा आहे. नवऱ्याच्या खुनाचा प्रयत्न केल्याचा खोटा आळ आल्याने ती घर सोडते आणि पुरुषवेश घेऊन मठात भिक्षू म्हणून राहते. गावातली एक मुलगी आपल्या पोटातल्या मुलाचा बाप हाच भिक्षू असल्याचे सांगते. आपण स्त्री आहोत हे उघड केले तर आळ टळेल, हे ठाऊक असूनही थी किन्ह गप्प राहते आणि टाकून दिलेले ते मूल दारोदार दूध मागून वाढवते. सत्य कळते ते तिच्या मृत्यूनंतर. ‘चेओ’ या लोकनाट्यातून ही कथा घरोघरी पोहोचलेली आहे. व्हिएतनामी मनातल्या आई-मुलाच्या एका मोठ्या प्रतिमेत रक्ताचे नाते नाही, हे लक्षात घेण्याजोगे.

दुसरे ठिकाण युरोपातले चर्च. ले फो यांनी इटलीतली रेनेसान्सपूर्व आणि आरंभीच्या रेनेसान्समधली चित्रे पाहिली होती. लांबवलेली मान, डोक्यावरून ओघळणारे वस्त्र, मुलावर टेकलेली पण मुलाच्या पलीकडे गेलेली नजर ही मेरी-येशूच्या त्या चित्रांची लक्षणे त्यांच्याकडे दिसतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी थेट व्हिएतनामी चेहऱ्याची मेरी आणि बाळ येशू अशीही चित्रे काढली. तिसरे ठिकाण चीन. १९३४ मध्ये ते बीजिंगला गेले आणि जुनी चिनी चित्रे त्यांनी जवळून अभ्यासली. मोकळी सोडलेली जागा आणि एका दमात ओढलेली रेषा तिथली.

वेशभूषा मात्र त्यांच्या पिढीची. व्हिएतनामी बायकांचा लांब अंगरखा, म्हणजे आओ झाय, १९३० च्या दशकात आधुनिक झाला. हनोईच्या याच महाविद्यालयातून शिकलेल्या न्गुयेन कात तुओंग यांनी त्याला नवे रूप दिले आणि ले फो यांनी १९३४ च्या सुमारास त्यात बदल करून तो परंपरेच्या अधिक जवळ आणला. व्हिएतनामी पोशाखाच्या इतिहासात ‘ले फो आओ झाय’ हा वेगळा टप्पा मानला जातो. चित्रातल्या आईने नेसलेले कापड चित्रकाराने प्रत्यक्षातही बेतले होते.

त्याच वेळी व्हिएतनाममध्ये काय सुरू होते?

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा इंडोचायनात शिरल्या. १९४४-४५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये भीषण दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. मार्च १९४५ मध्ये जपानने फ्रेंच प्रशासन उलथवले आणि हनोईचे ते कला महाविद्यालय बंद पडले. सप्टेंबरमध्ये हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस फ्रान्सशी युद्ध पेटले. १९५४ मध्ये देश दोन भागांत विभागला गेला आणि नंतर अमेरिकेबरोबरचे युद्ध १९७५ पर्यंत चालले.

या सगळ्या काळात ले फो फ्रान्समध्ये होते. त्यांचे वर्गमित्र माई त्रुंग थू आणि पुढच्या तुकडीतले वू काओ दाम हेही तिथेच स्थायिक झाले. तिघांच्याही चित्रांत आई, मूल, बाग, चहा, वाचन हे विषय पुनःपुन्हा येतात. माई त्रुंग थू यांनी लहान मुलांचा तर ध्यासच घेतला. या चित्रांत बंदूक नाही, भूक नाही, धूरही नाही.

मायदेशी राहिलेल्यांनी आई कशी रंगवली?

इथे तो न्गोक वान यांचे उदाहरण महत्त्वाचे. हनोईच्या महाविद्यालयात ते ले फो यांच्यानंतरच्या तुकडीत होते. १९४४ मध्ये त्यांनी ‘दोन तरुणी आणि एक मूल’ हे तैलचित्र काढले. आओ झाय घातलेल्या दोघी, शेजारी मूल, प्रसन्न रंग. हनोईच्या ललित कला संग्रहालयातील हे चित्र आज व्हिएतनामचा ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे. म्हणजे दुष्काळाच्या उंबरठ्यावर मायदेशातला चित्रकारही शांत घरच रंगवत होता. त्यानंतर मात्र तो न्गोक वान स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि सैनिक, शेतकरी, डोंगराळ भागातले लोक रेखाटू लागले. जून १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईनंतर परतीच्या वाटेवर बॉम्बहल्ल्यात ते मारले गेले.

पुढच्या युद्धकाळात उत्तर व्हिएतनामच्या प्रचारचित्रांत आईच्या एका हातात मूल आणि खांद्यावर बंदूक दिसू लागली. ती आई समोर पाहते, तिची नजर झुकलेली नाही. एकाच देशाच्या एकाच पिढीत आईची दोन रूपे अशी समांतर तयार होत होती : एक पॅरिसच्या खोलीत, दुसरे युद्धभूमीवर.

मग ले फो यांची आई खोटी म्हणायची का?

हा आक्षेप जुना आहे. ही चित्रे युरोपीय ग्राहकाला हवा तसा नाजूक, कष्ट नसलेला ‘पूर्व’ दाखवतात, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. ले फो यांची आई भात लावत नाही, ओझे वाहत नाही, तिची बोटे राबलेली नाहीत. ती दरबारी घरातली स्त्री आहे. तुलनेसाठी शेरगिल यांचे १९३५ चे ‘मदर इंडिया’ पाहता येईल. पॅरिसहून परतल्यावर त्यांनी रंगवलेली ती गरीब आई आणि तिची दोन मुले कोणाचेही मन रमवत नाहीत.

पण दुसरी बाजूही आहे. दरबारी घर हेच ले फो यांचे बालपण होते आणि त्या घरातली आई त्यांना मिळाली नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला आईचा चेहरा आठवण्याची शक्यता कमी. त्यामुळे चित्रांतल्या या स्त्रिया कोणा एकीच्या चेहऱ्यासारख्या नाहीत. एकसारखे लांबट मुखवटे, मिटत आलेले डोळे, जवळजवळ देवतेसारखी स्थिरता. चित्रकाराच्या आयुष्यातून चित्राचा अर्थ थेट काढणे धोक्याचे असते. तरीही या स्त्रिया आठवणीतून आलेल्या नाहीत, रचून घडवलेल्या आहेत, एवढे चित्रच सांगते. त्यांच्या शांततेला व्हिएतनामचा वृत्तांत समजून पाहिले तर ती खोटी ठरते. गमावलेल्या घराची मांडणी म्हणून पाहिले तर तिच्यातली हुरहुर दिसू लागते. आई आणि मूल इतके जवळ असूनही बहुतेक चित्रांत एकमेकांच्या डोळ्यांत पाहत नाहीत, ही बाब त्या दृष्टीने बोलकी आहे.

नंतर रंग का बदलले?

महायुद्धानंतर ले फो हळूहळू तैलरंगाकडे वळले. बोन्नार आणि मातीस या फ्रेंच चित्रकारांचा ठसा त्यांच्यावर उमटला. करडे, तपकिरी, हिरवट रंग मागे पडले आणि पिवळा, नारिंगी, गुलाबी पुढे आला. १९४७ मध्ये त्यांनी पोलेत व्हो या फ्रेंच पत्रकार महिलेशी लग्न केले. त्यांना दोन मुलगे झाले. त्यांपैकी पिएर ले-तां हे पुढे नावाजलेले रेखाचित्रकार झाले. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाची मुखपृष्ठेही त्यांनी केली.

१९६३ पासून वॉली फिन्डले या अमेरिकी कलादालनाने ले फो यांची चित्रे विकायला घेतली. अमेरिकी घरांत ती मोठ्या संख्येने गेली. या काळातली आई बागेत बसलेली, उन्हात न्हालेली दिसते. याच वर्षांत अमेरिकी विमाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकत होती, हा विरोधाभास लपत नाही.

चित्रांच्या किमती कितीपर्यंत गेल्या?

२०१७ मध्ये हाँगकाँगच्या सदबीज लिलावात ले फो यांचे ‘कौटुंबिक जीवन’ हे रेशमी चित्र सुमारे १२ लाख डॉलरला गेले. दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारे ते पहिले व्हिएतनामी चित्र ठरले. २०२१ मध्ये माई त्रुंग थू यांच्या ‘कुमारी फुओंग’ या व्यक्तिचित्राला ३१ लाख डॉलर मिळाले. त्यानंतर ले फो यांचे बागेतले एक चित्र २३ लाख डॉलरच्या आसपास विकले गेले. या खरेदीमागे नव्याने श्रीमंत झालेले व्हिएतनामी संग्राहक मोठ्या प्रमाणात असल्याचे बाजाराचे निरीक्षण आहे. परक्या घरांसाठी रंगवलेली आई त्या वाटेने मायदेशी परतते आहे.

पैशाबरोबर बनावट चित्रेही आली. २०१६ मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या ललित कला संग्रहालयात ‘युरोपातून परतलेली चित्रे’ म्हणून १७ कलाकृती मांडल्या गेल्या. तपासणीत त्या अस्सल नसल्याचे निष्पन्न झाले आणि संग्रहालयाला माफी मागावी लागली. हनोईतला गुंता वेगळा आहे. युद्धकाळात बॉम्बच्या भीतीने तिथल्या संग्रहालयाने महत्त्वाची चित्रे सुरक्षित जागी हलवली आणि भिंतींवर त्यांच्या प्रती लावल्या. पुढे काही बाबतींत मूळ कोणते आणि प्रत कोणती, यावरून वाद झाले. एखादे चित्र कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले, याची कागदोपत्री साखळी त्यामुळेच कळीची ठरते.

फोनवर हे चित्र पाहताना काय पाहावे?

आधी चित्र मोठे न करता पाहावे. मोकळी जागा किती आहे आणि आई-मुलाची आकृती मिळून एकच वळण कसे घेते, हे तेव्हाच कळते. मग दोन बोटांनी मोठे करून हात पाहावेत. ले फो यांच्या चित्रांत भावना चेहऱ्यापेक्षा बोटांत असते. आईचा हात मुलाला घट्ट धरतो की नुसता टेकलेला आहे? त्यानंतर नजरेचा माग काढावा. आई कुठे पाहते, मूल कुठे पाहते? चित्राची प्रतिमा चांगल्या दर्जाची असेल तर गालावर किंवा पार्श्वभूमीवर रेशमाची उभी-आडवी वीणही दिसते. जिथे वीण दिसते तिथे रंग विरळ, जिथे झाकली जाते तिथे दाट.

पडद्याची एक मर्यादा आहे. फोनचा प्रकाश मागून येतो, त्यामुळे सगळेच रंग सारखे उजळतात. प्रत्यक्ष रेशमी चित्र अगदी मंद उजेडात ठेवतात. प्रकाशाने रेशीम ठिसूळ होते आणि रंग उडतो, म्हणून संग्रहालये साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. एखाद्या कार्यालयातल्या उजेडाच्या तुलनेत हे फारच कमी.

ही चित्रे एकत्र पाहण्याच्या संधी अलीकडे वाढल्या आहेत. पॅरिसच्या चेर्नुस्की संग्रहालयाने २०२४-२५ मध्ये ले फो, माई त्रुंग थू आणि वू काओ दाम या तिघांचे मोठे प्रदर्शन भरवले. सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीने २०२५ मध्ये पॅरिसमधल्या आशियाई चित्रकारांवर प्रदर्शन केले. भारतातून सिंगापूर किंवा हनोईला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हनोईत तो न्गोक वान यांच्या दोन तरुणी आणि ते मूल कायम मुक्कामी आहेत. ले फो यांची आई फोनवर पाहून तिथे गेले, तर एकाच शाळेतून निघालेल्या दोन वाटा समोरासमोर ठेवून पाहता येतील.